पलीकडची हाक

बाबा, तुम्हाले अन् मायले इथून, सीमेवरून, जयभीम.

मी बरा आहो. जेवण चांगलं भेटते. आपला धान निसवला काय?

पलीकडच्या देशाचा हवालदार आम्हाले रोज सकाळी वायरलेसवर सांगे, अतिरेक्यायनं कोणत्या रस्त्यावर सुरुंग पेरले ते. मागच्या हप्त्यात दोन्हीकडच्या पुढाऱ्यायनं भाषणात एकमेकायले शिव्या हासडल्या. तवापासून त्याले बोलाची मनाई झाली.

मंगळवारी आमची गाडी उडाली. माह्या बाजूले बसलेला भूषण गेला. मले डाव्या कानानं ऐकू येत नाही, एवढंच. मायले हे वाचून दाखवू नका.

इलेक्शनच्या सभेपासून तुम्ही अन् डोमाकाका बोलत नाही. पण धानात डुक्कर शिरले का बांधावरून एकमेकायले हाका मारता ना? तेवढं बंद करू नका, बाबा.

तुमचा,
सुगत