सहा नंबरचं धुराडं

९ जून

आलो बाई एकदाचे ॲशबर्नला! सकाळी डोंगरातून निघालो तेव्हा डॅडींचं ऑक्सिजनचं यंत्र मी पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं आणि डॅडींना मागे. वाटभर त्यांचं एकच पालुपद. वाढवलं मी, शिकवलं मी, आणि मानाची जागा कुणाला, तर या डबड्याला! मी म्हटलं, ते निदान माझ्या गाडी चालवण्याला नावं तरी ठेवत नाही. त्यावर व्हर्जिनियाची हद्द संपेपर्यंत बोलणार नाही म्हणाले. हद्द काही संपली नाही, अख्खा प्रवास व्हर्जिनियातच होता, पण ते मात्र पुढच्याच वळणावर बोलायला लागले.

घर चिंचोळं आहे, पण मागे लाकडी ओटा आहे आणि तिथे छान ऊन येतं. ओट्यासमोर मातीचा बांध, बांधावर हात हातभर रोपं, आणि पलीकडे आमचं डेटा सेंटर. एवढं मोठं धूड, पण नावाला खिडकी नाही. डॅडींनी विचारलं, तुरुंग आहे का गं? मी सांगितलं, लोकांचे फोटो, पत्रं, बँकांचे व्यवहार, सगळं आतल्या यंत्रांत साठवलेलं असतं, वीज क्षणभरही जाऊन चालत नाही. म्हणून मागच्या अंगाला डिझेल जनरेटरांची रांग आहे. प्रत्येकाचं धुराडं आमच्या ओट्यावरून दिसतं. वीज गेली तरच ते चालवायचे, एरवी फक्त पाळीपाळीने चाचणी, आणि हवा खराब असेल त्या दिवशी चाचणीसुद्धा बंद. त्यांचा धूर परवान्यातल्या मर्यादेत राहतो की नाही हे बघायला मला ठेवलंय.

डॅडींचं उभं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं. फुप्फुसांत भुकटी बसलीय. गावच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, जेवढा श्वास उरलाय तेवढाच, नवा मिळायचा नाही, धूर लागू देऊ नका. जनरेटरांच्या पाठीशी घर घेतलं म्हणून लोक मला वेड्यात काढतील. पण त्या धुरावर पहारा कुणाचा? माझा. मग माझ्याहून भरवशाचं कोण आहे? शिवाय दुपारच्या सुट्टीत घरी येऊन त्यांना बघता येईल. रात्री बीन्स आणि मक्याचा पाव केला. डॅडींनी मागून घेतला. मला आज फार म्हणजे फार बरं वाटतंय.

१२ जून

आज पहिल्यांदा धूर वाचला. हसू येतं लोकांना, पण आमच्या धंद्यात यालाच धूर वाचणं म्हणतात. यंत्र नाही, काही नाही, नुसता डोळा. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायचं, दर पंधरा सेकंदांनी धुराड्याच्या तोंडाकडे क्षणभर बघायचं, दाटी किती टक्के ते ठरवायचं आणि मान खाली घालून लिहायचं. टक लावायची नाही, हा पहिला धडा. टक लावली की डोळा थकतो आणि दाट धूरही विरळ वाटतो. वर्षातून दोनदा आम्हाला एका मैदानात उभं करतात, मुद्दाम काळा-पांढरा धूर सोडतात आणि परीक्षा घेतात. मी आजवर एकदाही नापास झाले नाही. माझ्या डोळ्याचा मला गर्व आहे, आहे तर आहे.

मेकॅनिक इफ्राइन सोबत होता. एल साल्वादोरचा आहे, हसरा, बडबड्या. मला डोळेवाल्या बाई म्हणतो. बायकोने केलेले पुपुसा, म्हणजे त्यांच्याकडच्या मक्याच्या भरल्या भाकऱ्या, त्याने मला जबरदस्तीने खायला लावले. सगळी धुराडी सुरू होताना थोडा भपका सोडत होती, कुणी दहा टक्के, कुणी पंधरा. सहा नंबर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. इफ्राइन म्हणाला, बाकीचे सगळे विडीबाज, ही एकटी नन.

१७ जून

डॅडींच्या खोकल्यात काळं पडलं. खाण सोडल्यापासून कधी पडलं नव्हतं. रुमाल बघून मीच बसकण मारली. ते मात्र म्हणाले, अगं, जुनी उधारी असेल शिल्लक, घाबरतेस काय!

भांडी घासताना डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, खिडकीबाहेर बांधावरून काहीतरी काळं सरपटत होतं, साबणाच्या पाण्यात शाई सांडावी तसं. मान वर केली तर काही नाही, स्वच्छ आभाळ. सहा नंबर स्वच्छ. आत डॅडी खोकत होते.

तशीच पलीकडे गेले. इफ्राइन म्हणाला, सहा नंबर आज सुरूच केला नाही. हात लावून बघितला. गार होता.

२० जून

इफ्राइन आज हसला नाही. चाचणी आटोपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, रागावू नका, पण तुम्ही लिहायला मान खाली घातली की तो निघतो.

मी विचारलं, कोण? तर म्हणाला, धूर. काळाकुट्ट. वर जात नाही, धुराड्यावरून खाली ओघळतो आणि बांधाकडे जातो. वारा उलटा होता तरी तिकडेच. तुम्ही मान वर करायला लागलात की एका क्षणात आत ओढला जातो. मी टक लावून बघतो, माझी त्याला काही पर्वा नाही. तुम्हालाच भितो तो.

मी त्याला झापलं. पिऊन आलास का म्हटलं. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. बांधापलीकडे कुणाचं घर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर हत्यारं गोळा करायला लागला.

घरी येऊन ओट्यावर बसले आणि धडा मोडला. टक लावून सहा नंबरकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं तरी हलले नाही. आतला खोकला थांबला. डॅडी चक्क शीळ घालायला लागले. मग खिशात फोन वाजला, मी फोनकडे बघितलं, आणि आत अशी ढास उठली की मी फोन टाकून धावले. ओठ निळे पडले होते. पडद्याला काजळी.

म्हणजे इतके दिवस मी मान खाली घालत होते आणि हा मला हातावर तुरी देऊन माझ्याच घरात जात होता. माझ्या डॅडींकडे. देवा!

२३ जून

ब्रेंटकडे गेले. ब्रेंट म्हणजे माझा साहेब, वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड. सहा नंबर बंद करा म्हटलं, वाटलं तर पाया पडते. तो म्हणाला, नोला, सगळ्या रांगेत तोच तर स्वच्छ आहे, पाहुणे आले की मी तोच दाखवतो, आणि स्वच्छ आहे हे कुणी लिहिलं? तू.

इफ्राइनने पाहिलंय म्हटलं. तर म्हणतो, इफ्राइन धुराची परीक्षा पास आहे का? मग कायद्याने त्याचा डोळा हा डोळाच नाही. पास तू आहेस. तू काय पाहिलंस ते सांग.

काय सांगणार? काही नाही, म्हणाले. कारण मी बघते तेव्हा काही नसतंच. ओट्यावर फोन लावून चित्रण केलं होतं, तेही दाखवलं. मी स्क्रीनकडे बघत होते तोवर त्यातही नुसतं आभाळ. कर्म माझं!

ब्रेंटने पाणी दिलं, रजा घे म्हणाला. इफ्राइनने दुसऱ्या ठिकाणी बदली मागून घेतली. जाताना म्हणाला, वडिलांना घेऊन निघा बाई, आजच निघा.

२५ जून

निघाले होते. डॅडींना गाडीत घातलं, ऑक्सिजनचे सिलिंडर घेतले, डोंगराचा रस्ता धरला. पण गाडी चालवायची म्हणजे त्याच्याकडे पाठ करायची. गाव ओलांडायच्या आत मागच्या सीटवर डॅडी काळेनिळे. वळवली तशी हॉस्पिटलात नेली.

तिथे बरं वाटलं त्यांना. नर्सची थट्टाही केली. मला पहिल्यांदा रडू आलं, आनंदाचं. मग कागदावर सही मागितली, मी खाली वाकून सही केली, आणि ढास.

खिडकीतून बघितलं. खालच्या छपरावर जनरेटर. हॉस्पिटललाही लागतोच ना. त्याचं धुराडं आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोर होतं आणि अगदी स्वच्छ होतं. सहा नंबर असतो तसं.

डॉक्टर म्हणाले, जुनं खाणीचं दुखणं आहे, नवीन काही नाही, घरी न्या.

२७ जून

घरीच आणलं. इथे निदान तो नजरेसमोर असतो. दारं-खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, ओल्या चादरी टांगल्या. काही उपयोग नाही. फक्त माझी नजर उपयोगाची.

डोळ्यांत तेल घालून बसलेय. दिवसा चालतं. अंधार पडला की दिसत नाही, तेव्हा त्यांना न्हाणीघरात घेऊन बसते आणि तो सकाळपर्यंत जे घेतो ते घेतो. रोज थोडा श्वास कमी. आज वाक्य पुरं करता आलं नाही त्यांना.

तरी जीभ तीच. म्हणाले, पोरी, चुलीवर — दूध ठेवल्यासारखी — बघतेस. मी म्हटलं, हो, नजर हटली की उतू जातं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वळून बघता आलं नाही.

२८ जून, सकाळ

उष्म्याचा कहर. ब्रेंटचा फोन. सगळीकडे एसी चालू, तारांना भार झेपत नाही, डेटा सेंटरांनी आपापल्या जनरेटरांवर जावं असा हुकूम आहे. आणीबाणी, म्हणजे मर्यादा नाही, हवा खराब असली तरी चालवायचे. मला कामावर बोलावतोय. नोंद करायला माणूस हवा म्हणे.

नाही म्हटलं. पाया पडते, सहा नंबर तेवढा राहू दे, म्हटलं. तो म्हणाला, तो तर पहिला लावलाय, स्वच्छ आहे ना.

सगळी रांग धडधडतेय. कपबशा हलताहेत.

२८ जून, दुपार

आमची वीज गेली. पलीकडे लोकांच्या फोटोंना वीज आहे. माझ्या डॅडींच्या यंत्राला नाही.

सिलिंडरवर घेतलंय. डॅडींची खुर्ची माझ्या पाठीमागे दारात ओढली. न बघता नळी लावली, चाचपत. ॲम्ब्युलन्सला फोन केला, सगळ्या बाहेर आहेत, वेळ लागेल म्हणाले. या म्हटलं, या लवकर, बाबांनो.

नजर काढली नाही. शून्य. शून्य. शून्य. मी बघतेय तोवर शून्य.

वहीकडे न बघता लिहितेय, ओळी वाकड्या जातील. ब्रेंट माझ्या जागी कुणाला तरी आणेल, त्याच्यासाठी लिहितेय. बाबा रे किंवा बाई गं, शिकवलंय तसं करू नकोस. मान खाली घालू नकोस. तुझ्या घरी कोण आहे ते त्याला कळतं —

पापणी. पापणी लवली तेवढ्यात एक जीभ बाहेर आली होती. पाहिली मी. पहिल्यांदा. ती मला बघून थांबली नाही लगेच —

धीट होतोय.

२८ जून, संध्याकाळ

सूर्य उतरला. आता तो माझ्या समोर, धुराड्यामागे. अशा उन्हात धूर वाचता येत नाही, डोळ्यांपुढे नुसती आग. तरी बघतेय. पापण्या बोटांनी धरल्यात, एका हाताने — म्हणून अक्षर —

डॅडी मघाशी गात होते. खाणीतलं काहीतरी. दोन शब्द, मग श्वास. दोन शब्द. मग म्हणाले, नोला, बस झालं, इकडे — बघ की — एकदा. तुझं तोंड तरी — बघू दे.

नाही डॅडी. बघू शकत नाही. तुमच्यासाठीच नाही बघत. कळतंय ना तुम्हाला?



सूर्य गेला. धुराडं आभाळात मिसळतंय. आहे का तिथे — आहे. आहे बहुतेक.

खोकला थांबलाय. मी बघतेय म्हणून थांबलाय. मी बघतेय म्हणूनच. नाहीतर —

सिलिंडरचा फुस्स आवाज येत होता तोही नाही.

डॅडी, शिवी द्या. गाडी चालवण्याला नावं ठेवा. काहीतरी बोला हो —

ऐकू येत नाही इंजिनांपायी. वळले तर तो सुटेल. नाही वळले तर — मला नुसतं कळू दे —

वळतेय. श्वास चालू आहे का तेवढंच बघ