जाहिरातीवाला डबा

माय, आज सकाळी तुझ्या नावानं पुन्हा एक पत्र आलं. गुडघेदुखीच्या तेलाचं. 'प्रिय' लिहून पुढं तुझं पूर्ण नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत, आता वेदना विसरा. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या तेलवाल्याला कोणी कळवलेलं दिसत नाही. आधी मला हसू आलं आणि मग जुना राग उसळला. या जाहिरातींवर माझा दात आहे हे तुला ठाऊकच आहे. त्यामागचं सगळं आपण दोघांनी मिळून भोगलं, तरी त्यावर कधी नीट बोललो नाही. तू विषय काढू द्यायची नाहीस. आज तू अडवू शकत नाहीस म्हणून लिहितो आहे.

आपल्या घरातला तो संगणक आठवतो ना? मी गोंदियाच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होतो, तिथं नवे संगणक आले तेव्हा एक जुना मी घरी आणला. तू तेव्हा नुकतीच रिटायर झाली होतीस. उपकेंद्रातली नर्सबाई, सालेकशापासून दरेकशाच्या जंगलातल्या टोल्या-पाड्यांपर्यंत पायी फिरलेली बाई, घरात बसून चिडचिड करत होतीस. तुझी धाकटी लेक लग्न होऊन हैदराबादला गेलेली. जावई मोठ्या कंपनीत, माणसं आपल्याच गावाकडची, म्हणून तू निर्धास्त होतीस. पण आपण फोन केला की तिकडं स्पीकर लागायचा. 'आमालेही आयकू द्या ना, विहीणबाई,' असं तिची सासू हसत हसत म्हणायची, आणि धाकटी एवढंच बोलायची की मी मजेत आहे. दर वेळी तेच, त्याच आवाजात. म्हणून मग मेल. दुपारी सासूचा डोळा लागला की ती हॉलमधल्या संगणकावर चार ओळी लिहायची. तू त्या वाचायचीस आणि दोन बोटांनी उत्तर टाइप करायचीस, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. मेलला तू डबा म्हणायचीस. 'आज डब्यात काही आलं का रे?' हे तुझं संध्याकाळचं पहिलं वाक्य असायचं.

तो डबा फुकटचा होता, आणि फुकटात देणारा काही आपला मामा नव्हता. पत्राच्या उजव्या अंगाला जाहिरातींची रांग. सुरुवातीला तुला गंमत वाटली. तू लेकीला 'नी पेन' फार आहे असं लिहिलंस आणि दुसऱ्या दिवशी पत्राशेजारी गुडघ्याचं तेल हजर. 'ह्या पोट्ट्याले कसं समजलं?' तू विचारलंस. मी सांगितलं की मशीन पत्रातले शब्द वाचते आणि त्याप्रमाणे माल दाखवते. तुझं हसू तिथंच थांबलं. 'म्हंजे आपन आत बोलून राहिलो आन सपरीत कोनी कान लावून बसला हाये.' मी म्हटलं, माणूस नाही माय, मशीन आहे. तू म्हणालीस, 'आयकनारा तो आयकनाराच.'

तुला ते का टोचलं हे मला माहीत होतं, कारण लहानपणी सुट्टीत मी तुझ्याबरोबर गावोगाव हिंडलो होतो. कोणाच्याही घरी गेलीस तरी सपरीत, बाहेरच्या ओसरीवर बसून तू सुनेला काहीही विचारायची नाहीस. सासूपुढं गोळ्या द्यायच्या, ताप पाहायचा, धानाच्या गोष्टी करायच्या. मग उठून म्हणायचं, 'बाई, हात धुवाले पानी घाल.' सून तांब्या घेऊन तुझ्यामागं परसात यायची. ती हातावर पाणी घालायची, तू हात चोळत राहायचीस, आणि तेवढ्यात खरा प्रश्न विचारून मोकळी व्हायचीस. कोणाला दिवस राहिले, कोणाला मार बसतो, कोणाला पोर नको आहे, हे सगळं तुला त्या पाण्याच्या आवाजात कळायचं. परत सपरीत येऊन तू पदराला हात पुसायचीस आणि चहाला नाही म्हणायचीस.

आणि तरीही ती चूक तूच केलीस. धाकटीनं लिहिलं होतं, न्हाणीत पडली, मनगट सुजलं. पंधरवड्यातलं हे तिचं दुसरं पडणं होतं. तू पत्र दोनदा वाचलंस. मग म्हणालीस, 'बाया पडत नाहीत रे, पाडतात. मी जिंदगीभर केसपेपरवर पडली म्हनूनच लिवलं.' मी चप्पल शोधायला उठलो, आताच्या आता हैदराबादला जातो आणि त्याचे हातपाय तोडतो म्हणालो. तू मला ढकलून खुर्चीवर बसवलंस. 'तू जेलात जाशील. मंग पोरीले घरी कोन आनन?' आणि तू लिहायला बसलीस. तुझ्या लेखी नर्सचा कागद म्हणजे बंद कागद, तो तिऱ्हाईत वाचत नाही. म्हणून केसपेपर भरावा तसं सगळं स्पष्ट लिहिलंस. लॉयर पाहून ठेवला आहे, पोलिसला आत्ता सांगू नको, डायव्होर्स घ्यावा लागला तर घेऊ, तोवर तुझ्यासाठी लेडीज होस्टेल बघते. एकेक शब्द इंग्रजी, एकेक शब्द मशीनला कळणारा. मी शेजारीच उभा होतो, पण माझं डोकं त्या मनगटात अडकलेलं होतं.

तिचं उत्तर आलं ते अर्धवट होतं. घाईत लिहिलेलं. 'माय, आता इथं लिहू नको. काय उघडलं ते मी पुसते, पण जाहिराती पुसता येत नाहीत. हे बातम्या वाचतात त्या पानावरसुद्धा वकिलाच्या, डायव्होर्सच्या जाहिराती येऊन बसल्यात. काल मला विचारलं, आपल्या घरात डायव्होर्स कोणाले पाहिजे? मी म्हटलं, अशा येतच राहतात. त्यांना पटलं नाही.' बस, एवढंच. त्यानंतर डबा रिकामा राहिला. म्हणजे रिकामा कसला, तेल होतं, तीर्थयात्रा होती, वजन कमी करायचा पट्टा होता. लेकीचं काही नव्हतं. तू रोज त्या पट्टेवाल्याला शिव्या घालायचीस. चुलीवरचा भात दोनदा करपला, आणि तुझ्या हातून भात करपलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

कॉलेजात संगणक शिकवणारे एक सर होते, त्यांना मी अर्धं खरं सांगून विचारलं. त्यांनी मेलचं दुसरं सॉफ्टवेअर दाखवलं. संगणकात काही बसवायची गरज नाही, कुठूनही उघडतं, पत्र वाचत नाही आणि जाहिरात नावाला नाही. दिसायला अगदी भकास, पांढरं पान आणि काळी अक्षरं. तुला दाखवलं तर म्हणालीस, 'हे बरं हाये. सरकारी वाटते.' तुझ्यासाठी एक खातं काढलं, धाकटीसाठी एक; पासवर्डला तू चावी म्हणायचीस. प्रश्न हा होता की तिला सांगायचं कसं. जुना डबा ती भीतीनं उघडत नव्हती आणि फोन सगळ्या घराला ऐकू जात होता. दोन दिवस तू त्यावर विचार करत धान पाखडत बसलीस, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन लावलास.

ते बोलणं मला अजून शब्दन्‌ शब्द ऐकू येतं. तू विहीणबाईंशी आंब्याच्या लोणच्यावर सुरू झालीस. आमचं यंदा बुरसलं, तुमचं कसं राहिलं, तेल किती घातलं होतं? त्या फुलल्या. मग तू म्हणालीस, 'जरा बरनी पाहून सांगता का, तेल वर हाये का खाली बसलं? मी फोन धरून राहते.' पलीकडं चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडं गेला. मी दाराशी उभा. तू आवाज न बदलता नव्या सॉफ्टवेअरचं नाव घेतलंस आणि म्हणालीस, 'नाव आपल्या गाईचं, चावी तुह्या शाळेची. जुना डबा उघडू नोको.' धाकटीचा फक्त एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. चपला परत आल्या तेव्हा तू विचारत होतीस, 'मंग हळद कितीक टाकता, विहीणबाई?' फोन ठेवल्यावर मी पाण्याचा गडवा तुझ्या तोंडाशी धरला.

नव्या पांढऱ्या पानावर तिचं पहिलं पत्र आलं त्याला कडेला काही नव्हतं. फक्त तिची अक्षरं. ती तिथं मोकळी झाली, आणि जे लिहिलं ते मी इथं परत लिहिणार नाही. दिवाळी होऊन गेली होती, गावोगाव मंडया, आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, भरायला लागल्या होत्या. आपल्या गावची मंडई आणि लेक माहेरी नाही, हे आपल्याकडं शोभत नाही, सासरचेही नाही म्हणताना अडखळतात. तू ते निमित्त धरलंस. त्यांनी कामं आहेत म्हणून टाळलं. मग एका दुपारी पत्र आलं, 'हे ऑफिसच्या कामानं बाहेरगावी गेलेत. परवा येतील. माय, ये.' आपण बल्लारशाची गाडी धरली आणि पुढं मिळेल त्या गाडीनं गेलो. वाटेत तू मला एकच गोष्ट बजावलीस, की तोंड उघडायचं नाही.

सासूनं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. तरी घरात घेतलं. धाकटी आतून आली, बारीक झालेली, मनगटावर ओढणी गुंडाळलेली. तू तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, 'मंडईचं आवतन घेऊन आलो. आधी बाई, हात धुवाले पानी घाल.' सासू म्हणाली, 'अहो, इथं बेसिन हाये, नळ हाये.' तू म्हणालीस, 'मले नळाचं नाई जमत जी. पोरगीच घालन.' तुम्ही दोघी आत गेलात. मी हॉलमध्ये राहिलो, समोर सासू आणि तिच्या मागं तो संगणक. चालूच होता. बातम्यांचं पान उघडं आणि त्याच्या कडेला हिंदीत, लाल अक्षरांत, 'पति से परेशान? आज ही वकील से बात करें.' अक्षरं उघडमीट करत होती. सासू मान वळवणार एवढ्यात मी उठलो आणि त्या पडद्यापुढं जाऊन उभा राहिलो, पाठ टेकवून. तिनं विचारलं, 'काऊन जी, बसत काऊन नाई?' मी म्हणालो, 'गाडीत बसून बसून कंबर धरली.' न्हाणीतून पाण्याची धार ऐकू येत होती. ती संपेना. माझ्या पाठीमागं ती जाहिरात उघडमीट करते आहे हे मला न पाहता कळत होतं, आणि आयुष्यात मी एवढा कशाला घाबरलो नाही.

धार थांबली. तू बाहेर आलीस, पदराला हात पुसत, मागं धाकटी, खांद्याला एकच पिशवी. तू म्हणालीस, 'चाला. मंडईले नेतो.' सासू म्हणाली, 'त्याले इचारल्याबिगर?' तू तिच्याजवळ गेलीस आणि लेकीच्या मनगटावरची ओढणी सोडलीस. सासू त्या मनगटाकडं पाहत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवलं. चहाला तू नाही म्हणालीस. गाडी सुटेपर्यंत आपण तिघंही फलाटाच्या दोन्ही टोकांकडं आळीपाळीनं पाहत होतो.

पुढचं तुला माहीत आहे. कोर्ट झालं, सुटका झाली. धाकटी आता देवरीकडं शाळेत शिकवते, पोरांवर खेकसते आणि तुझ्यासारखीच करपलेला भात खपवून घेत नाही. आम्ही अजून त्याच पांढऱ्या पानावर एकमेकांना लिहितो. हे पत्रही मी तिथंच लिहितो आहे, आणि पाठवायचं म्हटलं तर तुझा पत्ता फक्त त्या जुन्या डब्याचा उरला आहे. तिथं मी हे टाकणार नाही. आपली गोष्ट वाचून त्यांनी तुला वकील दाखवायला नको.

एक मात्र कबूल करतो. तो डबा मी कधी बंद केला नाही. जगात आता तुझं पूर्ण नाव घेऊन 'प्रिय' म्हणणारं तेवढंच ठिकाण उरलं आहे, म्हणून अधूनमधून उघडतो. आणि गेल्या वर्षापासून मला दिसतं, माझ्याआधी कोणीतरी तिथं येऊन जातं. तेलाची, तीर्थयात्रेची काही पत्रं आधीच उघडलेली असतात. त्याची चावी आपल्या तिघांपलीकडं कोणाकडं नव्हती. मी धाकटीला काही विचारलेलं नाही, तीही बोलत नाही. पण आता मी सगळी पत्रं उघडत नाही, माय. थोडी तिच्यासाठी ठेवतो.