आत्याच्या मांडीवरची साक्ष

सोमवार, १२ फेब्रुवारी

शनिवारी इथे लिहिलं ते चूक आहे. मुलगी म्हणाली, "आईने चटका दिला" – असं लिहिलं मी. मुलगी असं म्हणालीच नाही! म्हणाली तिची आत्या. मुलीने तिच्या मांडीवर बसून नुसती मान हलवली. आणि बालकल्याण समितीला द्यायच्या ऑफिसच्या अहवालातही मी तेच "मुलीचा जबाब" म्हणून घालून बसले.

निसटलं कसं? आमच्या घरी पाहुण्यांनी "कितवीत गं तू?" विचारलं की उत्तर काकू द्यायची, मान मी हलवायची. त्यामुळे खटकलंच नाही.

मंगळवार, १३

माझ्या वरिष्ठ बाईंना सांगितलं.

"अगं, सहा वर्षांचं लेकरू. आत्या जवळ होती म्हणून तर बोललं."

बोललं नाही, बाई.

"तुला तर दूधवाल्याचाही संशय येईल!" खूप हसल्या. अहवालावर त्यांची सही झालीय. येत्या सोमवारी समितीने निष्कर्ष मान्य केला की मुलगी कायमची आत्याकडे.

संध्याकाळी मुलीच्या आईकडे गेले. चटक्याचं विचारलं, तर माझ्याकडे न बघता ओटाच पुसत राहिली. पुसलेलाच ओटा! मग एकदम – "मी कामावर होते त्या दिवशी. तुम्ही विचारलंत कुठे?"

खरंच विचारलं नव्हतं. पण "कामावर होते" असं कोणीही म्हणेल.

बुधवार, १४

तिच्या पॅकिंगच्या कारखान्यात जाऊन आले. सुपरवायझर म्हणाला, "होती की! दिवसभर माझ्यासमोर." मग मुलगी कोणाकडे? आईला फोन केला. "नणंदेकडे. रोज तिथेच असते."

आणि शाळेत वर्गशिक्षिकेला चटक्याचा डाग दिसला, त्याच संध्याकाळी आत्याने आपल्याकडे तक्रार केली. काळजीने? की कोणी विचारायच्या आत?

झोप नाही. सगळ्यांवरच संशय येतोय, स्वतःवरही.

गुरुवार, १५

शाळेत मुलीला एकटीला भेटले. वर्गशिक्षिका दाराबाहेर. मी काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "आत्या आलीय?"

नाही गं.

"इस्त्री आत्याची होती. पण आत्या म्हणाली, आईचं नाव आलं की आईला कामावर जाऊ देणार नाहीत. मग ती दिवसभर घरी माझ्यापाशी." मग मलाच विचारते – "कधीपासून राहणार आई घरी?"

उद्या, शुक्रवार, १६ फेब्रुवारी. ऑफिस उघडताच अहवाल मागे घ्यायला समितीकडे मी स्वतः जाणार. बाईंना न विचारता.