दोन एकरी शेत आणि त्याखालचं

मी, हेस्टर अ‍ॅन मॅरिऑट, माहेरची स्ट्रॅटन, विधवा, वय वर्षे शहात्तर, राहणार चर्च लेन, अपर थर्ली, परगणा हर्टफर्डशर, हा कागद माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्या हाताने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मंगळवारी डॉक्टर आले होते. त्यांनी विचारलं, आज वार कोणता. मी वार सांगितला आणि ते पाऊण तास उशिरा आले हेही सांगितलं. तेवढ्यावर त्यांनी दाखला दिला. गवत कापणीपर्यंत मी राहीन असं त्यांना वाटत नाही. मलाही वाटत नाही. वकिलाने काही जड शब्द दिलेत ते बसतील तिथे घातले आहेत. शाळा अकराव्या वर्षी सुटली, तेव्हा शुद्धलेखनाबद्दल कोणी बोलू नये.

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते चुलीत गेलं आहे, कपाटं उचकू नयेत.

१. राहतं घर, परसबाग आणि कोंबड्यांसह, माझा नातू कीथ मॅरिऑट याला. कोठीच्या वरचं छप्पर गळतं. हे त्याला दोन वर्षांपासून माहीत आहे, आता ते छप्पर त्याचं.

२. तांब्याचं जॅमचं भांडं आणि चादरी कीथची बायको मॉरीन हिला. ती जॅम दुकानातून आणते. भांड्याचा त्यात दोष नाही.

३. पोस्टातली बचत माझी पणती जिल हिला, ती एकवीस वर्षांची झाल्यावर. आज ती सात वर्षांची आहे. एकवीसची व्हावी म्हणूनच पुढचं सगळं लिहीत आहे.

४. वडिलांची हत्यारं, म्हणजे आखूड कुदळ, रहाटाची मूठ आणि लोखंडी बादली, मोडीत घालावीत. गुत्तेवाल्याला ती भिंतीवर टांगायला हवी आहेत. लोकांनी खाली बसून बिअर प्यावी असं त्या हत्यारांनी काही केलेलं नाही.

५. चर्चमागचं दोन एकरी शेत.

याच्यासाठी सगळे थांबलेत ते मला ठाऊक आहे. कीथने तिथे घर बांधायच्या खुंट्या ठोकल्या आहेत. इथे बांधायचं नाही असं मी म्हटलं, तर म्हणाला, "आजी, घाई कुठे आहे? तू आहेस तोवर एक वीटही लावत नाही." म्हणजे नंतर लावणार.

मी म्हटलं, "खाली पोकळ आहे."

"नकाशात काही नाही."

"नकाशा काढणारा इथे किती वर्षं राहिला?"

मॉरीन मागून म्हणाली, "अहो, त्यांना शेजारी आवाज नको, एवढंच आहे ते." माझा कान शाबूत आहे मॉरीन.

खुंट्या मी पाहून आले. जिलची खोली बरोबर मधल्या जागेवर येते. म्हणून आता जे पासष्ट वर्षं सांगितलं नाही ते सांगते.

माझे वडील जोब स्ट्रॅटन जमिनीखालचा खडू, म्हणजे मऊ पांढरा चुनखडीचा दगड, खणून काढायचे. आमच्याकडची जमीन चिकट, खालचा खडू काढून वर पसरला की ती भुसभुशीत होते. त्यासाठी हिवाळ्यात शेतातच विहीर खणायची, माणसाची कोपरं घासतील एवढी अरुंद, चाळीस फूट खोल. तळाला तीन बाजूंनी खोल्या कोरायच्या. काम झालं की तळापासून दगडमातीने भरत वर यायचं, हा नियम. भरायला तीन आठवडे लागतात. वडिलांनी दोन एकरीतल्या तिन्ही विहिरींना एकेक दिवस दिला. अख्खं एल्मचं झाड मुळं वर करून तोंडात ठोकायचं, त्यावर काटेरी झुडपं, त्यावर हातभर माती. वर गवत उगवलं की कोणाच्या बापाला कळत नाही. एल्म कुजताना आवाज करत नाही.

सन १९१३, मार्च महिना. सिरिल टॅप्सेल, वय एकोणीस, कॅनडाला निघाला होता. सकाळी आईचा निरोप घेतला, स्टेशनची वाट जवळची म्हणून दोन एकरीतून गेला. तो जाणार हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून तो दिसेना याचं कोणाला नवल वाटलं नाही.

मी वडिलांचा चहा घेऊन शेतात गेले तर ते पोटावर पालथे पडले होते, कान जमिनीतल्या भोकाला लावून. काट्यांत एक नवी पिशवी अडकली होती. त्यांनी दोनदा हाक मारली. मग मला म्हणाले, "हेस्टर, तुझे कान लहान आहेत. ऐक जरा. काही येतंय का?"

मी ऐकलं. मी नाही म्हणाले.

मी तेव्हा खरं बोलले का, हे मला आजही सांगता येत नाही.

पिशवी आधी खाली गेली, मग दुसरा एल्म. झुडपं मी ओढून दिली. चहा गार झाला होता, तोच वडील प्यायले.

त्याच वर्षी मे महिन्यात गावाची शीव फिरायचा दिवस आला. विलोच्या काठ्या घेऊन पाद्रीबुवांच्या मागून सगळं गाव शिवेवरून चालतं, आणि प्रत्येक दगडावर पोरांना उचलून आपटतात, शीव लक्षात राहावी म्हणून. पोरींना आपटत नाहीत. वडिलांनी मला रांगेतून बाहेर काढलं, दोन एकरीत नेलं, काखेत धरून उचललं आणि तीन ठिकाणी तीनदा आपटलं. म्हणाले, "डोकं विसरेल, हे विसरणार नाही. मी मेल्यावर इथे कोणी खणायला आला तर सांग. तोवर तोंड बंद." मधल्या जागी जरा जोरात आपटलं.

पुढे त्यांनी ते शेत विकत घेतलं आणि मरेपर्यंत त्यात नांगर घातला नाही. गाव त्यांना आळशी म्हणायचं.

सिरिलची आई एकोणीस वर्षं पोस्टमनची वाट पाहत फाटकात उभी राहायची. लोक तिला म्हणायचे, मुलगे तिकडे गेले की विसरतात. मीही एकदा म्हणाले.

यंदाच्या हिवाळ्यापासून मधली जागा बसायला लागली आहे. पाऊस पडला की तिथे डबकं होतं आणि दुपारपर्यंत पाणी नाहीसं होतं. कान लावला तर जाताना ऐकू येतं. कीथ म्हणतो, निचरा चांगला आहे.

म्हणून, सदर दोन एकरी शेत मी कीथला देत नाही. ते सिरिलची बहीण विनिफ्रेड टॅप्सेल हिला देते. अट घालत नाही. आपला भाऊ तिथे आहे हे कळल्यावर ती कुदळ आत येऊ देणार नाही. विनीचं आणि माझं उभ्या जन्मात पटलेलं नाही. चर्चमध्ये मी तिच्याकडे बघत नाही म्हणून ती मला घमेंडखोर म्हणते. घमेंड नव्हती. विनी माझ्याआधी गेली तर शेत चर्चला, दफनभूमी म्हणून, पण एकही कबर न खणता.

कीथ, तू कोर्टात जाशील. जाण्याआधी जिलला त्या खुंट्यांच्या मधे उभी करून बघ. जमणार असेल तर जा.

६. हे विनीला वकिलाच्या तोंडून कळावं असं मला वाटत नाही. काल मी तिला कुंपणाशी गाठलं.

"विनी, उद्या दुपारी माझ्याबरोबर दोन एकरीत येशील?"

"साठ वर्षांत कधी चहाला बोलावलं नाहीस, आता शेतात कशाला? ढकलून देतेस की काय?"

"सिरिलबद्दल आहे."

तिने खाली माझ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बूट कोणते घालू?"

सुरक्षित कुठपर्यंत उभं राहायचं ते मला माहीत आहे. तिथेच उभी राहून मी तिला बोट दाखवणार. ती तिथे थांबणार नाही. ती पुढे जाईल, गुडघे टेकेल, हाक मारेल. तिला धरून ठेवण्याएवढं बळ माझ्यात नाही, आणि धरायचा हक्क तर नाहीच.

आम्ही दोघी चहाच्या वेळेपर्यंत परतलो नाही, तर कोणीही आमच्या मागे त्या शेतात पाऊल टाकू नये. कीथ, तू तर नाहीच. आधी हा कागद शेवटपर्यंत वाचावा.

खालील दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली. त्यांनी आतलं वाचलेलं नाही, त्यांना तसं सांगितलं होतं.

हेस्टर अ‍ॅन मॅरिऑट

साक्षीदार: रेव्हरंड ह्यू पेनफोल्ड, पाद्री, अपर थर्ली
साक्षीदार: ऑड्री क्विंटन, गावची परिचारिका

मुक्काम अपर थर्ली, बुधवार, दिनांक ३ मे १९७८