कोरं फोल्डर

पनवेल, १४ जानेवारी २०१४

प्रिय मनस्वी,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडून फेकायचं असेल तर फेक, पण आधी पाकिटातला पेनड्राइव्ह काढून घे. त्यात जे आहे ते पाहून तू खुर्चीतून उडी मारशील. मी तर मारली! अम्मी धावत आली, तिला वाटलं झुरळ निघालं.

अगं, आपलं वेबसाइट बनवायचं किट तयार झालं! नवी वेबसाइट दाखवायची म्हणजे तीन दिवस डोकेफोड, आठवतंय ना? आता एक फोल्डर उघडायचं, गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं, की वरची पट्टी, मेनू, फोटोंच्या चौकटी, संपर्काचा फॉर्म, सगळं जागच्या जागी हजर. मराठी फॉन्ट आधीच बसवलाय, जोडाक्षरं तुटत नाहीत. रंग बदलून फाईल सेव्ह केली की पान तिथल्या तिथे बदलतं, तेही इंटरनेटशिवाय! परवा आदिलभाईंच्या टायरच्या दुकानात बसले आणि चहा यायच्या आत त्यांना त्यांचं पान दाखवलं. न्हावा शेव्याला निघालेले दोन ट्रकवाले टायर सोडून माझ्या लॅपटॉपवर वाकले होते. अल्लाकसम, इतकी खूश मी बारावीच्या निकालालाही नव्हते.

पण खरी गंमत अशी की या किटमध्ये कुणाचंच काही नाही. फोटोच्या जागी राखाडी चौकोन, मजकुराच्या जागी नुसतं 'इथे मजकूर'. आपण काय करायचो? आधीच्या गिऱ्हाइकाची साइट कॉपी करायची आणि नावं बदलत सुटायचं. त्यानेच घात केला. ओवे गावात तुझ्या काशीराम काकांच्या लग्नाच्या लॉनची साइट तू मोठ्या पडद्यावर उघडलीस, सगळी भावकी समोर बसलेली, आणि 'सप्तपदी' या मथळ्याखाली फहमिदा आपांच्या दुकानातल्या सुक्या बोंबलांचा ढीग! पोरं खो खो हसली. काका मात्र उठून उभे राहिले. "सख्खी पुतणी हायस नि आमचीच थट्टा करतेस?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली बघून वायर गुंडाळत बसले.

ते पान माझं होतं, मने. आदल्या दिवशी तू बजावलं होतंस, एकदा सगळी पानं बघून घे. मी न बघताच 'बघितली' म्हणून सांगितलं. आणि तुझ्या घरच्यांसमोर 'चूक माझी' एवढं मला बोलता आलं नाही. तू पुण्याची नोकरी धरलीस, तर मी सगळ्यांना सांगत फिरले की तुला पगाराची ओढ लागली. फार लाज वाटते गं त्याची.

काल एकटीच ओव्याला गेले. काका आणि हौसाकाकूंना सगळं खरं सांगितलं. काकू डोळे पुसत आत गेल्या. काका एवढंच म्हणाले, "आठ महिने आमी पोरीशी बोललो नाय, त्याचं काय?" ते रविवारी तुला फोन करणार आहेत. त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. तो फोन तरी उचल. साइट त्यांना तुझ्याच हातची हवी आहे, आणि ती तुझ्या एकटीच्या नावावर व्हावी असं मीच सांगून आले. किट मी मुद्दाम असं केलंय की माझ्याशिवाय तुझं काही अडू नये. तरीही बोलावलंस, तर मिळेल त्या बसने येईन.

तुझीच,
नशरा