बाळंतपणात जावयाचं काय काम?

तीर्थरूप मामींना,
हर्सूलहून जावई राजकुमार याचा मनापासून जयभीम.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. विशाखाचं वजन वाढलंय, रक्त अकराच्या वर आहे, गोळ्या ती माझ्यासमोर गिळते (मी मान वळवली की त्या तुळशीच्या कुंडीत जातात की काय, अशी शंका येऊन मी कुंडीही उकरून पाहिली, कुंडी निर्दोष आहे). तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता का? मामांचा खोकला गेला का, की अजून बिडीच्या सोबतीनं राहतोय? फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्याकडं फोन मामा उचलतात, उचलला की स्पीकरवर टाकतात, अन् मग माझं बोलणं अख्ख्या गल्लीचं होतं. मागच्या खेपेला मी नुसतं, "मामी, एक विचारायचं होतं," असं म्हटलं तर शेजारच्या सांडूअण्णांचा आवाज आला, "विचारा की, जावईबापू!" मी पावसाची चौकशी करून फोन ठेवला.

येत्या रविवारी मामा विशाखाला न्यायला येणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य आहे (माझ्या मान्य असण्यानं काही होत नाही, हेही मान्य आहे). मागच्या महिन्यात ओटी भरली तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "जावईबापू, आता एकदम बारशालाच या. बाळंतिणीच्या घरात जावयाचं काय काम?" सगळ्या बायका हसल्या, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू येईना. तेव्हापासून मी हरवल्यासारखाच असतो. तसा मी पहिल्यापासून तंद्रीतला माणूस. लग्नात भंतेजींनी प्रतिज्ञा दोनदा म्हणून दाखवली तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं, हे तुम्ही विसरला नसाल. पण आता आरोग्य उपकेंद्रात थर्मामीटर हातात धरून मी खिडकीबाहेर बघत बसतो, अन् पेशंट बिचारा आपला ताप आपणच वाचून मला सांगतो.

अशा अवस्थेत गेल्या आठवड्यात आम्हा बावीस आरोग्यसेवकांना शहरात पाच दिवस प्रशिक्षणाला बसवलं. कुटुंबकेंद्रित माता व बाल आरोग्य, असं त्याचं नाव. दुपारी वरण-भात, वर मंद पंखा, अन् समोर मृण्मयी मॅडम. बाई बोलायला मऊ, पण प्रश्न असे विचारायच्या की माणूस खुर्चीतल्या खुर्चीत सरकावा. त्यांचं म्हणणं, आजवर आम्ही गरोदर बाई म्हणजे एक कार्ड समजत आलो. वजन लिहा, रक्तदाब लिहा, गोळ्या द्या, सही घ्या, पुढचं घर. "बाई एकटी गरोदर नसते, तिच्यासोबत सारं घर गरोदर असतं," असं त्या म्हणाल्या अन् झालं, मी गेलो तंद्रीत. मला आमची हर्सूलची खोली दिसायला लागली. भिंती जरा पुढं आलेल्या, उंबरा सुजलेला, कपाटाला मळमळतंय, शेगडी चिंच मागतेय, अन् मी एकटाच पट्टी घेऊन सगळ्यांचा रक्तदाब मोजत फिरतोय. लई सुखाचं वाटत होतं, मामी. तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जण स्वतःचं बाळ जन्मलं तेव्हा तिथं हजर होते?" एकवीस माणसं जमिनीकडं बघायला लागली. एकट्या पुंडलिकनं हात वर केला, पण चौकशीअंती ती म्हैस निघाली.

आता यात आमच्या घराण्याची कथा तर फारच जुनी. माझे वडील मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा मी अडीच महिन्यांचा होतो. ते वाळूजला कंपनीत नवीन लागलेले, रजा मिळेना. शेवटी मिळाली, तसे धावत माझ्या आजोळी पोचले. ओसरीवर एक बाळ दिसलं. त्यांनी उचललं, छातीशी धरलं, डोळ्यांत पाणी आणलं, तासभर त्याच्याशी सुखदुःखाच्या गोष्टी केल्या. ते शेजाऱ्यांचं होतं. पण आलेल्या जावयाला चूक दाखवायची कशी? मी आत झोपलेलो होतो. मग मला बाहेर आणलं तर मी त्यांच्याकडं जाईना, भोकाड पसरलं. वडील आजही घरात कोणी पाहुणा आला की ही गोष्ट हसत हसत सांगतात अन् शेवटी म्हणतात, "ते पोरगं जरा गोरं होतं." हसतात खरे, पण दरवेळी सांगतात, यातच काय ते समजा.

चौथ्या दिवशी गृहभेट होती. नियम असा की एका घरी जायचं, जमिनीवर बसायचं अन् तासभर नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. (आरोग्यसेवकाला सल्ला देऊ नको म्हणणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणणं.) मला बजाजनगरात सत्यम नावाच्या कामगाराचं घर मिळालं. तो रात्रपाळी करून आलेला, चटईवर आडवा. बाळंतीण आत जेवत होती. वीस दिवसांचं बाळ झोळीत, अन् सत्यमची आई दोरी ओढत काहीतरी गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते, बहुतेक नव्हतेच. मी नियमानं ऐकत होतो. झोळी तिकडं गेली की मी तिकडं, इकडं आली की इकडं. कधी आडवा झालो ते मला ठाऊक नाही.

अन् स्वप्न पडलं, मामी. मी कन्नडला तुमच्या दारात उभा, हातात टोपड्याचा डबा. दार एका चिमुरड्या पोरीनं उघडलं. तिनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, पाव्हण्याला देतात तसा, अन् विचारलं, "कोणाकडं आलात?" मी सांगणार होतो, पण नाव आठवेना. तिचं नव्हे, माझंच. तिनं थोडी वाट पाहिली, मग आत वळून हाक मारली, "आजी, कोणतरी पाव्हणं आलंय!" मी आयुष्यभर स्वप्नंच बघत आलो, पण स्वप्नात रडलो तो पहिल्यांदा.

जाग आली तर अंगावर गोधडी. एका बाजूला सत्यम घोरतोय, वर झोळीत बाळ, अन् म्हातारी आम्हा तिघांना एकाच दोरीवर जोजवतेय. दारात मृण्मयी मॅडम तपासणीचा फॉर्म घेऊन उभ्या! त्या काही बोलणार, तोच म्हातारीनं तोंडावर बोट ठेवून त्यांनाच गप्प केलं, "हळू वं बाई. लई थकलेलं लेकरू हाय." (हे बाळाबद्दल नव्हतं.) मला वाटलं, आता नोकरी गेली. पण मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, "कुटुंबाचा पूर्ण विश्वास संपादन केला. एकही सल्ला दिला नाही." बावीस जणांत माझा पहिला नंबर आला. प्रमाणपत्र विशाखानं भिंतीला लावलंय.

शेवटच्या दिवशी गृहपाठ मिळाला, की आपल्या घरी बाळंतपणाचा निर्णय ज्या माणसाच्या हातात आहे, त्याच्याशी मोकळं बोला. बाकीचे डोकं खाजवत बसले. मला काही विचार करावा लागला नाही. माझ्यासमोर तुम्हीच उभ्या राहिलात, पदर खोचून. म्हणून हा पत्रप्रपंच. बाकी मागणं काही नाही. मामांना जयभीम सांगा, गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक जावई,
राजकुमार

ता. क. बाकी मागणं काही नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. नववा लागला की बाळाला सव्वा महिना होईस्तोवर मला तुमच्याकडं राहू द्या. रजेचा अर्ज देऊन बसलोय. जावई घरात आला की बायकांचं काम दुप्पट होतं, त्याला पाट, त्याला मटण, त्याच्यापुढं डोक्यावर पदर, हे मला कळतं; तुमचं म्हणणं काही उगाच नाही. पण मला जावई धरूच नका. पाणी तापवीन, दुपटी धुईन, रुग्णालयात चकरा मारीन, शिळी भाकर खाईन. लोक घरजावई म्हणतील तर म्हणू द्या. माझं लेकरू मला पाव्हणा म्हणण्यापेक्षा ते बरं.

ता. क. दुसरा. बाळ कपड्यात गुंडाळायलाही मी शिकलोय. (प्रशिक्षणातली बाहुली दोनदा निसटली, पण ती गुळगुळीत प्लॅस्टिकची होती.)

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच विशाखानं पत्र ओढून घेतलं अन् मेथी निवडता निवडता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, कौतुक करील. तर म्हणाली, "बाळंत कोण व्हायलंय? आई का?" मी म्हटलं, तसं नाही. "मग आईला इचारलं, रजेसाठी साहेबाला इचारलं. मला कधी इचारणार होतात?" मामी, पहिल्या नंबराचं प्रमाणपत्र समोर भिंतीवर होतं अन् मला तिकडं बघवेना. मग विचारलं. पहिल्यांदाच, नीट, समोर बसून. तिनं मेथीची जुडी बाजूला सारली. मग बोलली. तिच्या जन्माच्या वेळी तुम्ही हूं की चूं केलं नव्हतं, हे ती लहानपणापासून ऐकत आलीय. तिला कळा सोसायची भीती वाटते, पण त्याहून जास्त तुमच्यासमोर ओरडायची वाटते. म्हणाली, "आईसमोर मला वरडता येणार नाय. तुम्ही दाराशी असलात तर तुमच्या नावानं शिव्या घालत खुशाल वरडीन." तेव्हा वरचं सगळं, स्वप्नासकट, खोडलं असं समजा. माझ्यासाठी मला बोलावू नका. तिच्यासाठी बोलवा. आता पुढची ओळ तिच्या हातची.

आई, ह्यांना येऊ दे. मला लई भ्या वाटतं, अन् ते तुला सांगायचं भ्या त्याहून जास्त.