तक्त्याची शेवटची ओळ

११ ऑक्टोबर, रविवार सकाळ

प्रिय मास्तर,

आठ महिने तुला ना पत्र, ना फोन. कामाचं कारण देता येईल, पण ते तू लाल पेनाने खोडशील. माफ कर.

वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि तू? पाणी पितोस, की अजून फक्त इतरांनाच प्यायला सांगतोस?

इकडे नवीन सहा अंतराळवीर आलेत. त्यांना तुझी चेकलिस्ट शेऱ्यांसकट देते. "इथे घाई करणारा गाढव" हा शेरा त्यांना पाठ झालाय. तुझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. मी तसं सांगितलेलं नाही, पण बसत नाहीत. प्रमुख म्हणून माझं काम तेच. बैठका, सह्या, रजेचे अर्ज, आणि मधूनच कुणाच्या तरी वीस वर्षांच्या मेहनतीवर एका ओळीचा निर्णय.

तुझ्या बाबतीतली ओळ मीच लिहिली. पाठीत कळ येते हे तू आपणहून डॉक्टरांना सांगितलंस, मूतखडा निघाला आणि डिसेंबरच्या उड्डाणातून तुझं नाव गेलं. यानाबाहेर काम केल्याचे तास तुझ्यानंतर माझे जास्त, म्हणून जागा मला मिळाली. नियमाने सगळं बरोबर होतं. जिन्यात तू म्हणालास, "यादी चुकलेली नाही. फक्त ती तू केलीस." तेव्हा मला राग आला होता. आता ते वाक्य डायरीत चार ठिकाणी सापडतं.

गुरुवारी नव्या मुलांचा वर्ग घेतला. विषय नेहमीचा, दुखणं लपवू नका. उदाहरण तुझं दिलं, अगदी अभिमानाने. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. आधी वैमानिक होती, फार बोलत नाही.

"म्हणजे मॅडम, सांगितलं की जागा जाते?"

मी म्हटलं, "हो. कधी कधी जाते."

वर्गात कुणीच ते लिहून घेतलं नाही. आणि मला डोळे तपासायच्या खोलीतला तक्ता आठवला.

तुला तो माहीत आहे. खिडकीशेजारचा, खालचा कोपरा दुमडलेला. चौदा वर्षं आपण तोच वाचतोय. ऑगस्टच्या तपासणीत उजवा डोळा झाकला, तर शेवटच्या दोन ओळी मला दिसल्याच नाहीत. नुसत्या मुंग्या. तरी मी त्या म्हणून दाखवल्या, एकही अक्षर न चुकता. डॉक्टर म्हणाले, झकास. वाचतेस की आठवतेस असं कुणी विचारलं नव्हतं, ही पळवाट मी सात आठवडे वापरली. चष्म्याने भागेल, वयच आहे, असंही स्वतःला सांगून पाहिलं. मग परवा सरावाच्या यानात दाबाचा आकडा वाचताना मी तीनचा आठ केला. शिकवणारा हसून म्हणाला, "ताई, झोप काढा." मीही हसले.

मास्तर, तू कळ सांगितलीस आणि घरी बसलास. मी डोळा लपवला आणि तुझ्या जागेवर बसले. एवढं लिहायला मला दोन पानं लागली.

तुझी जागा तुला परत देते, असं लिहिण्याचा मोह होतोय. पण ती देणं माझ्या हातात नाही. तुझे नवे अहवाल चांगले आहेत असं ऐकते, पण राखीव अंतराळवीरही तयार आहे. समिती ठरवेल. डोळ्याचं त्यांना आजच कळवते, आणि मी त्या बैठकीत बसणार नाही हेही. प्रमुखपद ठेवायचं की नाही तेही त्यांनीच ठरवावं. तुला बरं वाटावं म्हणून हे करत नाही, आणि माफी मिळेल म्हणूनही नाही. गुरुवारी परत वर्ग आहे. ती मुलगी मागच्या बाकावर असेल. तिला माझं काय झालं तेही सांगणार आहे.

पुन्हा वर जायला मिळणार नाही, हे लिहिताना हात थांबला होता. आता लिहून झालं.

वहिनींना नमस्कार. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन, पण शेरे मारून हेच पत्र परत पाठवलंस तर जास्त आवडेल.

तुझी,
मुकादम

उद्या : सकाळी नऊला डोळ्यांची तपासणी. आधी तक्ता बदलायला सांगणे.